घोट आणि घोटा

वार्दो. सकाळचे साडेनऊ, बाहेर रात्रच.
जानेवारीत इथे सूर्य रजेवर असतो.
खुर्चीत एस्किल, वय वर्षं सहा,
मोज्यांवर डायनोसॉर, तोंड बंद.
मागच्या दोन्ही खेपांना असंच:
समजावून समजावून आमच्याच दाताच्या कण्या झाल्या,
त्यानं ओठ उघडले ते फक्त डॉक्टरांचं बोट चावायला.

बरोबर आहे त्याचं, इंगुन म्हणाल्या, बोटाला पट्टी लावत.
परका हात तोंडात आला तर मीही चावेन.

म्हणून आज हा कागद. वजन एकवीस किलो.
सर्दी नाही. सकाळपासून पोटात काही नाही.
खाली बापाची सही.
बाप तोरगेर, खेकड्यांच्या बोटीवर असतो,
अंगठ्याएवढ्या जाड दोरांची सवय त्याला;
पेन कागद फाडून गेलं.

औषध कडू. लाल सरबतात कालवलं तरी कडूच.
एस्किलनं एक घोट घेतला, मग दुसरा,
"हे चांगलं नाहीये," म्हणाला
आणि न्यायाधीशासारखा गप्प बसला.

पुढची वीस मिनिटं माझी.
बोटाला चिमटा, नखातून लाल दिवा,
मी आकडे लिहिते. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव.
मान जड होते. डोळ्यांच्या कडा सैल पडतात.
"बाबा, तुला दोन नाकं!"
आणि हसतो, हसतच राहतो,
पगाराच्या रात्री बंदरावरून घरी निघालेल्या खलाशासारखा.

मग तोंड उघडतं.
फुलासारखं वगैरे नाही.
बांधलेली पिशवी गाठ सुटून पडते, तसं.

झोपलेला नाही तो. हाक मारली की ओ देतो.
दाढ हलते तेव्हा रडतोही थोडं,
पण ते रडणं शेजारच्या घरातून आल्यासारखं.

"उद्या त्याला यातलं काही आठवणार नाही," इंगुन सांगतात.
"काहीच?"
"बहुतेक काहीच."
तोरगेर मान हलवतो
आणि माझ्याकडे बघतो.
चेहऱ्याकडे नाही. हातांकडे.

अडतीस वर्षांपूर्वी. हीच इमारत, भिंती तेव्हा हिरव्या.
मला नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते.
शाळेच्या यादीत चौदा मुलं, साडेअकराला जेवण,
आणि नववा मुलगा दातखीळ बसल्यासारखा.
पाय धर, डॉक्टर म्हणाले. मी धरले.
एक बूट निसटला. निळा मोजा, टाचेला रफू.
डॉक्टरांचा गुडघा त्याच्या पोटावर होता.
माझ्या मनगटावर काहीतरी ऊन ओघळलं,
ते काय, हे मला नंतर हात धुताना कळलं.
दुष्ट कुणीच नव्हतं त्या खोलीत.
मी साडेअकराला जेवले.

दोन हजारांचं गाव. एकच किराणा दुकान.
माझ्या रांगेत तो कधी उभा राहत नाही.
योगायोग असेल, असं मी अडतीस वर्षं म्हणत आले.

"तेव्हा हे औषध नव्हतं का?"
तो विचारतो, पोराच्या केसांतून हात फिरवत.
"नव्हतं," मी म्हणते.
चिमटा काढते. वायर गुंडाळते.
"म्हणजे, वेळ नव्हता," मी म्हणते.

दाढ डबीत. कापूस चावून धरलेला.
मी सूचना वाचून दाखवते: आज सायकल नाही, जिना नाही,
एकटं सोडायचं नाही, ओठ बधिर आहे, चावेल, लक्ष ठेवा.
तोरगेर त्याला उचलून खांद्यावर घेतो,
एस्किलचे पाय लोंबतात, बूट जमिनीवर.
वाकायला त्याचे हात मोकळे नाहीत.

मी गुडघे टेकते.
बर्फाचे बूट, आतून लोकर, चिकटपट्टी.
घालायला घोटा धरावाच लागतो.
मी हात पुढे करते, आणि थांबते.

वरून काही आवाज येत नाही.
मग तोरगेर जरासा झुकतो,
पोराचा पाय माझ्या हाताच्या उंचीवर येईल
इतकाच.